आपल्या मापाची साखळी

सीना ओलांडून बार्शीच्या दिशेने निघाले की नदीच्या पात्रातून वर येताना रस्ता थोडा चढतो. मोटारीतून जाणाऱ्याला हा चढ कळतही नाही. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि चाळिशी उलटल्यावर डॉक्टरांच्या आग्रहाने पुन्हा सायकलवर बसलो आहोत. आमच्यासारख्यांना तो चांगलाच कळतो. दोन वर्षांपूर्वी मार्चमधल्या एका रविवारी पहाटे कुर्डुवाडीहून निघून आम्ही या चढाला लागलो असताना आमच्यापैकी एकाने पायावर पूर्ण जोर असतानाच गिअर बदलला. ‘कट्’ असा लहानसा आवाज झाला, पायडल पोकळ फिरले आणि साखळी तीन-चार हात मागे रस्त्यावर जाऊन पडली. पिशवी उघडली. तीत पंक्चरचे सगळे साहित्य होते, पंप होता, षटकोनी पान्यांचा संच होता, चार केळी होती. साखळीसाठी काहीही नव्हते.

सायकली हाताने ढकलत तासभर चालल्यावर एका फाट्यावर दुकान लागले. दुकान म्हणजे पत्र्याची टपरी, दाराशी टांगलेले दोन टायर, हवेचा कॉम्प्रेसर आणि बाभळीखाली लाकडाच्या ओंडक्यावर बसवलेला रुळाचा वीतभर तुकडा. आता तिथे मुख्यतः मोटारसायकलींची पंक्चरे निघतात. दुकानाचे मालक साठी ओलांडलेले. येणारेजाणारे त्यांना मामा म्हणत होते, म्हणून आम्हीही मामाच म्हणालो. मामांनी साखळी हातात घेतली, अंगठ्याने दोनचार कड्या वाकवून पाहिल्या आणि आतून एक पत्र्याचा डबा आणला. त्यात साखळीची लॉक होती, शे-दीडशे तरी, तेलाने काळी पडलेली. त्यातले एक काढून त्यांनी साखळीला लावून पाहिले आणि परत डब्यात टाकले.

“सर, ही चैन आपल्या मापाची न्हाई.”

या वाक्यातल्या ‘आपल्या’ या शब्दाने आम्हांला त्या दिवसापासून कामाला लावले आहे. सायकल ही वस्तू परदेशी. तिची साखळी परदेशी. तिचे माप इंचात. असे असताना माढा तालुक्याच्या कडेला पत्र्याच्या टपरीत बसलेल्या माणसाला ते माप ‘आपले’ कधीपासून वाटू लागले, आणि आमच्या पायाखालची साखळी त्या आपलेपणाच्या बाहेर कधी गेली? रस्त्यात साखळी तुटली तर जवळ काय हवे, हा प्रश्न वरवर फार साधा आहे. पण त्याचे उत्तर दर पिढीत बदलत गेले आहे, आणि या बदलाला इतिहास आहे.

सायकलच्या साखळीचे कूळ मँचेस्टरचे. हान्स रेनॉल्ड नावाचा एक स्विस तरुण तिथे येऊन स्थायिक झाला आणि १८७९ मध्ये त्याने शेजारच्या सॅल्फर्डमधला साखळ्या बनवण्याचा एक लहानसा कारखाना विकत घेतला. त्या साखळ्या कापडगिरण्यांतील यंत्रांसाठी होत्या. (सोलापूरची जुनी गिरणी १८७७ ची, म्हणजे ज्या काळात आपल्याकडे सूत निघू लागले त्याच काळात सुताच्या यंत्राची साखळी तिकडे सुधारली जात होती.) त्यापूर्वीच्या साखळीत पिन थेट पातळ पट्टीच्या भोकात घासत असे. घर्षण सगळे पट्टीच्या जाडीएवढ्या अरुंद कडेवर पडे, आणि भोक पाहता पाहता लांबोडके होई. रेनॉल्डने १८८० मध्ये दोन आतल्या पट्ट्यांमध्ये एक पोकळ नळी बसवली, पिन त्या नळीत फिरू लागली आणि नळीवर एक सुटा रोलर आला, जो चाकाच्या दात्यावर घासण्याऐवजी लोळतो. आजही आपल्या सायकलच्या साखळीची कडी उकलून पाहिली तर रेनॉल्डचीच कल्पना हाताला लागते. पाच वर्षांनी, १८८५ मध्ये, जॉन केंप स्टार्लीची ‘रोव्हर’ आली. तिची दोन्ही चाके जवळजवळ सारखी, आणि पायडलचा जोर साखळीने मागच्या चाकाला दिलेला. तिच्याआधीच्या उंच चाकाच्या सायकलला साखळीच नव्हती, त्यामुळे ती तुटण्याचाही प्रश्न नव्हता. पडून डोके फुटण्याचा मात्र होता.

सुरुवातीच्या साखळ्यांत एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचे अंतर बहुधा एक इंच असे. कारखान्याकारखान्यांत फरक होते. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत हळूहळू अर्ध्या इंचावर एकमत झाले आणि रोलरची रुंदी ठरली अष्टमांश इंच. आपल्याकडच्या सुतार-लोहारांच्या भाषेत अष्टमांश इंच म्हणजे एक सूत. अर्धा इंच लांब, एक सूत रुंद: हे ते माप. मामांच्या डब्यातले प्रत्येक लॉक याच मापाचे होते.

आमच्या भागात सायकल आली ती अर्थातच या एकमताच्या आधी. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत असताना सायकली घेऊन बेळगावला आपल्या थोरल्या बंधूंकडे, रामुअण्णांकडे पाठवत, आणि १८८८ मध्ये बेळगावात दोघा भावांचे सायकलचे दुकान उभे राहिले. किर्लोस्करांचा नांगर, पंप आणि १९१० ची किर्लोस्करवाडी हा सगळा विस्तार नंतरचा. त्याच्या मुळाशी सायकलचे दुकान आहे, हे आपण सहसा विसरतो. यंत्र विकणाऱ्याला ते दुरुस्तही करता आले पाहिजे, ही गोष्ट या दुकानापासून आपल्याकडे रुजली असे म्हणायला हरकत नाही. त्याच सुमाराला परदेशी प्रवासीही सायकलवर हिंडू लागले होते. अमेरिकेतील फॅनी बुलक वर्कमन आणि तिचे पती विल्यम या दांपत्याने १८९७ ते १८९९ या काळात हिंदुस्थानभर सायकलने प्रवास केला. १९०४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकाच्या उपशीर्षकातच १४ हजार मैलांचा उल्लेख आहे. अशा प्रवाशाला सगळी हत्यारे जवळ बाळगण्यावाचून गत्यंतर नव्हते, कारण वाटेत दुकान नव्हते आणि असते तरी त्याच्या मापाचे सुटे भाग तिथे नसते. मुंबईहून १५ ऑक्टोबर १९२३ रोजी जगप्रवासाला निघालेल्या सहा पारशी तरुणांचीही अवस्था निराळी नव्हती. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८ मध्ये प्रदक्षिणा पूर्ण करून परतले. वाळवंटात लॉक विकणारा कोण भेटणार?

म्हणजे साखळीच्या दुरुस्तीचा पहिला काळ हा पिशवीचा काळ होता. इंग्लंडहून येणाऱ्या चांगल्या सायकलीबरोबर सीटच्या मागे चामड्याची छोटी पिशवी येई. तिच्यात एक-दोन पाने, तेलाची चपटी कुपी आणि पंक्चरचे साहित्य असे. पान्यांपैकी एक फार गमतीचा: दोन्ही टोकांना डमरूसारखे गोळे आणि त्या गोळ्यांना वेगवेगळ्या मापांची भोके, म्हणजे एकाच पान्यात सायकलचे बहुतेक सगळे नट बसावेत. आमच्या घरच्या अडगळीत असा एक होता. लहानपणी आम्ही त्याने बदाम फोडत असू. त्याचा खरा उपयोग कुणी सांगितलाच नाही, कारण तोपर्यंत त्याची गरज संपली होती.

ती का संपली, हे समजण्यासाठी कुर्डुवाडीकडे पाहावे लागते.

कुर्डुवाडी हे गाव मापे न जुळण्यावर वाढले. मुंबईहून मद्रासकडे जाणारी जी.आय.पी. रेल्वेची रुंद मापाची लाईन १८६० मध्ये सोलापूरला पोहोचली, पण बार्शीची पेठ तिने बाजूला टाकली. म्हणून कुर्डुवाडीच्या स्टेशनाचे जुने नाव ‘बार्शी रोड’: स्वतःचे नाव नसलेले, दुसऱ्या गावाकडे बोट दाखवणारे स्टेशन. तिथून बार्शीपर्यंत एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने अडीच फुटी मापाची बार्शी लाईट रेल्वे बांधली, ती १८९७ मध्ये सुरू झाली. पुढे एका अंगाने पंढरपूर (१९०६) आणि मिरज (१९२७), दुसऱ्या अंगाने लातूर (१९११) अशी ती पसरत गेली. कॅल्थ्रॉपचे सूत्र सरळ होते. प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार नको, इंजिन असो की वाघीण; भार सगळीकडे सारखा वाटला गेला की हलके रूळही जड गाडी पेलतात. या सूत्राने लाईन स्वस्त झाली. पण लातूरचा माल कुर्डुवाडीपर्यंत आला की अडीच फुटी वाघिणीतून उतरवून साडेपाच फुटी वाघिणीत भरावा लागे. एवढ्या हातबदलावर हमालांची कुटुंबे जगली, वखारी उभ्या राहिल्या, चहाची दुकाने चालली. अरुंद मापाचे भाग रुंद मापाच्या कारखान्यात मिळणार नाहीत, म्हणून इंजिने आणि वाघिणी दुरुस्त करणारा कारखानाही इथेच आला, आणि त्याच्याबरोबर फिटर, लोहार, कातारी अशी हत्यारांची माणसे आली.

कॅल्थ्रॉपला ही अडचण ठाऊक नव्हती असे नाही. १९०४ मध्ये सुरू झालेल्या इंग्लंडमधील लीक अँड मॅनिफोल्ड या आपल्या दुसऱ्या अरुंद रेल्वेवर त्याने एक खास गाडा वापरला. त्यावर रुंद मापाची वाघीण जशीच्या तशी चढवून नेता येई, माल उतरवावा लागत नसे. हा गाडा कुर्डुवाडीला आला असता तर आमच्या गावाचा निम्मा इतिहास घडलाच नसता. (याच गृहस्थाने पुढे विमानातून उडी घेणाऱ्यांसाठी पॅराशूट तयार केले. अशा माणसाचे चरित्र मराठीत का नाही, हे कोडे आहे.)

तर, ज्या गावात कारखान्याचा भोंगा होता त्या गावात सायकली असणारच. कारखान्यात जाणारे कामगार सायकलवर जात. इतर जंक्शनांप्रमाणे इथेही अपरात्री ड्रायव्हर-गार्डांना ड्युटीसाठी उठवायला वही घेऊन सायकलवर कॉलमन फिरे. तारवाला सायकलवर, दूधवाला सायकलवर. दूधवाल्याच्या सायकलला दोन्ही बाजूंना कॅन, आणि तिची साखळी सर्वांत आधी ताणली जाणार हे ठरलेले. आम्ही शाळेत होतो तो १९९० च्या आसपासचा काळ. तेव्हा तासाच्या भाड्याने सायकल मिळे. भाड्याच्या सायकलची साखळी अर्ध्या तासात दोनदा पडली नाही तर आम्हांला चुकल्याचुकल्यासारखे वाटे. आमच्याकडे ‘चेन’ म्हणत नाहीत, ‘चैन’ म्हणतात. त्यामुळे ‘आज दिवसभर चैन पडली’ या वाक्याचा अर्थ पुण्याच्या माणसाला लागतो त्याच्या नेमका उलटा आम्हांला लागतो.

या काळात हत्यारे कोणी जवळ बाळगत नसे. इंग्लंडहून आलेली जुनी रॅले असो, मद्रासची हर्क्युलिस असो, सोनीपतची अॅटलस (१९५१) असो की लुधियानाची हीरो (१९५६), साखळी तीच: अर्धा इंच, एक सूत, साधारण ११२ कड्या, ५६ इंच लांबी. त्यामुळे दर पाच-सात मैलांवर फाट्याशी बसलेल्या माणसाला एका डब्यात सगळ्या जगाची सोय ठेवता येई. सायकलस्वाराच्या पिशवीतली हत्यारे निघून रस्त्याच्या कडेला जाऊन बसली. एवढी मोठी बचत आपल्या समाजाने केली आणि तिची कुठे नोंद नाही. मामांचे ‘आपले माप’ म्हणजे ही बचत.

फाट्यावरच्या दुकानातले साखळीचे काम पाहण्यासारखे असे, आणि आजही आहे. लागतात फक्त चार वस्तू: हातोडी, बोथट टोकाचा पंच, एक जाड नट आणि खाली ऐरण. कुर्डुवाडीच्या आसपास ऐरण म्हणजे बहुधा भंगारातला रुळाचा तुकडा, तोही छोट्या गाडीचा, अंगाने बारीक, कुणालाही उचलून नेता येईल असा. साखळी नटावर अशी आडवी ठेवायची की काढायची ती पिन नटाच्या भोकावर यावी; मग पंच पिनेवर धरून दोन ठोके. पहिला ठोका जोराचा, दुसरा हलका. दुसरा हलका का, तर पिन पट्टीतून पूर्ण बाहेर पडता कामा नये. पलीकडच्या पट्टीत ती नखभर अडकलेली राहिली पाहिजे, म्हणजे परत ठोकून बसवता येते. ती एकदा निखळून खाली पडली की पुन्हा सरळ बसवणे जवळजवळ अशक्य. शिकाऊ पोराची परीक्षा या दुसऱ्या ठोक्यावर होत असे.

तुटलेली साखळी जोडताना एक गणित असते. साखळीत आतली कडी आणि बाहेरची कडी एकाआड एक येतात. म्हणून एक कडी मोडली तर दोन काढाव्या लागतात, एक आतली आणि एक बाहेरची, म्हणजे एक इंच. उरलेली दोन टोके दोन्ही आतल्या कड्यांची, त्यांना लॉक जोडते. एक इंच घालवलेली साखळी आपोआप बसत नाही. मागच्या चाकाचे नट सैल करून चाक अर्धा इंच पुढे सरकवावे लागते, आणि ते सरळ आहे ना हे दोन्ही बाजूंच्या फटी पाहून ठरवावे लागते. खालची बाजू मध्यावर बोटाने वर-खाली करून पाहिली तर अर्धा-पाऊण इंच हलावी. कमी हललीच तर चालणे जड होते, जास्त हलली तर चैन पडते. लॉकच्या पत्तीचे बंद टोक साखळी जिकडे धावते तिकडे ठेवायचे. उघडे टोक पुढे राहिले तर काटकी किंवा धोतराचा सोगा अडकून पत्ती उडते. दुकानात पुस्तक नव्हते, पाटी नव्हती, पण हे सगळे नेमके ठाऊक होते. झीज मोजण्याची रीत तर आम्हांला फारच आवडली. फूटपट्टी साखळीला लावायची. २४ कड्या १२ इंचांत बसल्या तर साखळी नवी, १२ इंच आणि एक सूत भरले तर टाकून द्यायची. लोक म्हणतात साखळी ताणली. लोखंड ताणले जात नाही. प्रत्येक पिन आणि नळी कणाकणाने झिजते, आणि २४ ठिकाणची ती झीज मिळून एक सूत होते.

मग बिघडले कुठे?

अनेक गिअरच्या सायकली परदेशात शर्यतींत आधीपासून होत्या. टूर द फ्रान्समध्ये साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या यंत्रणेला १९३७ मध्ये परवानगी मिळाली. मागच्या चाकावर दोनतीन चक्रे शेजारी शेजारी बसवायची तर साखळी अरुंद हवी, म्हणून रोलरची रुंदी एका सुतावरून पाऊण सुतावर आली. आपल्या बाजारात अशा सायकली १९९० च्या दशकात दिसू लागल्या आणि गेल्या पंधरा वर्षांत तालुक्याच्या गावीही सर्रास विकल्या जातात. पिनांमधले अंतर अजून अर्धा इंचच आहे. पण चक्रांची संख्या सहा, सात, आठ, नऊ, दहा, अकरा अशी वाढत गेली तशी साखळीची बाहेरची जाडी कमी होत गेली: सात-आठ गिअरच्या साखळीला साधारण सात मिलिमीटर, अकरा गिअरच्या साखळीला साडेपाच. पट्ट्या पातळ झाल्या, पिना आखूड झाल्या. सात गिअरचे लॉक दहा गिअरच्या साखळीला चालत नाही. आणि मामांच्या डब्यातले लॉक यांपैकी कुठल्याच साखळीला चालत नाही. कसेबसे बसवले तरी ते जाड पडते आणि शेजारच्या चक्रावर अडकते.

याच काळात कुर्डुवाडीत उलट घडत होते. पंढरपूरची लाईन २००१ मध्ये रुंद झाली, लातूरकडची २००८ मध्ये, मिरजेपर्यंतचे काम २०११ मध्ये संपले. लातूरहून निघालेली गाडी आता थेट मुंबईला जाते, माल उतरवण्याचा प्रश्न राहिला नाही. रेल्वेची अनेक मापे जाऊन एक झाले, सायकलच्या साखळीचे एक माप जाऊन अनेक झाली. एका बदलाने हमाल गेला, दुसऱ्याने फाट्यावरचा सायकलवाला चालला आहे. पहिल्या बदलाची दखल वर्तमानपत्रांनी फोटोंसकट घेतली. दुसरा बदल कुणाच्या लक्षातही आला नाही. गिअरची सायकल वाईट, असे आम्हांला म्हणायचे नाही. सीनेचा चढ तिच्यावाचून आमच्या गुडघ्यांना झेपणार नाही. पण ती घेताना आपण फाट्यावरचा डबा निकामी करतो आहोत आणि हत्यारांची पिशवी पुन्हा स्वतःच्या खांद्यावर घेतो आहोत, हे दुकानात कुणी सांगत नाही. वर्कमन दांपत्य जिथे होते तिथे आपण सव्वाशे वर्षांनी परत आलो आहोत.

पिशवी घ्यायचीच तर तीत काय हवे, हे आम्ही त्या रविवारनंतर शिकलो. चेन कटर नावाचे मुठीएवढे हत्यार मिळते. त्यात साखळी बसवून दांडा फिरवला की एक टोकदार सळई पिनेला हळूहळू बाहेर ढकलते. पंच, नट आणि ऐरण तिन्ही त्यात आले, दुसऱ्या ठोक्याची परीक्षा तेवढी गेली. आपल्या साखळीच्या मापाच्या दोन क्विक लिंक हव्यात. दोन अशासाठी की एक अंधारात गवतात पडतेच. साखळी सात गिअरची की दहाची, हे सायकल घेताना विचारून पिशवीवर लिहून ठेवावे. जुन्या साखळीचा दोन इंचांचा तुकडा, एक जुने फडके आणि मोडक्या स्पोकचा इंग्रजी ‘एस’सारखा वाकवलेला आकडा. हा आकडा आम्हांला सगळ्यांत उपयोगी वाटला. साखळीची दोन टोके तो एकमेकांजवळ धरून ठेवतो, नाहीतर यंत्रणेची स्प्रिंग ती ओढत राहते आणि तिसरा हात लागतो. साधी, एका गिअरची सायकल असेल तर एवढे काही नको: दोन लॉक, एक पक्कड, मागच्या चाकाचा पाना.

मामांनी आमची साखळी जोडली ती मात्र यांतले काहीच नसताना. वाकलेली बाहेरची कडी आणि तिच्या शेजारची आतली, दोन्ही काढून टाकल्या. काढताना पिन पलीकडच्या पट्टीत नखभर ठेवली होती, तीच परत ठोकून बसवली. चष्मा कपाळावर ढकलून, साखळी डोळ्यांच्या अगदी जवळ धरून ते बराच वेळ पिनेची दोन्ही डोकी पाहत राहिले. जोडलेली कडी ताठ झाली होती. ती दोन्ही हातांत धरून आडवी आडवी मुडपून मोकळी केली. “मोठ्या गिअरवर चढवू नका. आन् जोर लावू नका,” असे सांगून ३० रुपये घेतले. साखळी कुर्डुवाडीपर्यंत टिकली. नंतर सोलापुरात एका जाणकाराने आम्हांला ऐकवले की इतक्या पातळ साखळीत एकदा काढलेली पिन पुन्हा वापरू नये. शास्त्राच्या दृष्टीने त्याचे बरोबर आहे. पण तो त्या दिवशी फाट्यावर नव्हता.

एक गोष्ट आमच्या मनाला लागून राहिली आहे. सायकल ही आता शहरात हौसेची वस्तू झाली असली, पुण्यात विक्रम पेंडसे यांच्या संग्रहालयात जुन्या सायकली पाहायला लोक जात असले, तरी खेड्यात ती अजून शाळेची वाट आहे. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना २०११-१२ पासून सायकली दिल्या गेल्या. आमच्या वर्गातल्या मुलींपैकी कितीतरी जणी अशाच साध्या सायकलवरून आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून येतात. या साखळ्या अजून जुन्या मापाच्या आहेत, अर्धा इंच, एक सूत. म्हणजे त्यांच्यासाठी मामांचा डबा उपयोगी आहे. पण गिअरवाले गिऱ्हाईक हातचे गेले आणि मोटारसायकलीच्या पंक्चरला जास्त पैसे मिळतात, म्हणून डबे एकेक करून बंद होत आहेत. साखळी तुटलेल्या मुलीचा एक तास जातो, कधी दिवस जातो. वर्गात आम्ही तिला उशिराचे कारण विचारतो.

मागच्या वर्षी आम्ही पुन्हा त्या फाट्यावर गेलो. मामांना द्यायला सात, आठ, नऊ आणि दहा गिअरच्या क्विक लिंक नेल्या होत्या. त्यांनी त्या काड्यापेट्यांत वेगवेगळ्या भरल्या, पेट्यांवर खडूने आकडे घातले आणि फळीवर मांडून ठेवल्या. मग आतून डबा आणला, मूठभर जुनी लॉक कागदात बांधली आणि आमच्या हातात दिली. “ही तुमच्या कॉलेजातल्या पोरींच्या सायकलीला. माझ्याकडं आता कोन येतंय?” पैसे विचारले तर ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणाले.

ती लॉक आता आमच्या विभागाच्या टेबलाच्या खणात आहेत, खडूच्या पेटीशेजारी, एका पक्कडीसह. जूनपासून चार सायकली त्यांनी जोडल्या. त्यांतल्या शेवटच्या दोन मुलींनी स्वतः.